समुपदेशनात करिअर करणाऱ्यांनी आधी काय तपासावे

मा. संपादक,
स. न.

बारावीचे निकाल लागले की इंदूरच्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: मुलीला मानसशास्त्र घेऊन समुपदेशक व्हायचे आहे, पण पुढे नोकरी लागेल का? नोकऱ्या आहेत आणि त्या वाढणारही आहेत. मात्र बहुतेक मुले ज्या वाटेने तिथे जाऊ पाहतात ती अर्ध्यावरच थांबते, म्हणून हे पत्र.

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था ठेवायची आहे. हे कोचिंग क्लासनाही लागू आहे. आपल्या भंवरकुआ परिसरातले क्लास डोळ्यांसमोर आणले तरी किती माणसे लागतील याचा अंदाज येतो.

पण त्याच निर्देशात एक अट आहे आणि ती फार कमी जण वाचतात. नेमलेल्या व्यक्तीने बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे आणि ते दाखवता आले पाहिजे. नुसते बीए-एमए इथेच अडते. पदवीत सिद्धांत शिकवतात, चाचण्या पाठ होतात. पण रडणाऱ्या किंवा गप्प बसलेल्या मुलासमोर बसून, नंतर ते सत्र अनुभवी व्यक्तीपुढे मांडून चुका दुरुस्त करून घेणे, म्हणजे सुपरव्हिजन, बहुतेक ठिकाणी होतच नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न मात्र त्याचाच येतो.

शाळेत काम करायचे असेल तर आपल्याला सर्वांत जवळची आणि भरवशाची वाट भोपाळची. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा तिथल्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत होतो. सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्याच गावी इंटर्नशिप, अशी त्याची रचना आहे. प्रशिक्षित शिक्षकांना आणि मानसशास्त्रासारख्या विषयात एमए केलेल्यांना त्यात प्रवेश मिळतो. सत्र जानेवारीत सुरू होते, तेव्हा निकालानंतर जूनमध्ये चौकशी करून लगेच प्रवेश मिळेल असे समजू नये. आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते.

रुग्णालयाची वाट वेगळी. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि साध्या एमएवर ती मिळत नाही. पूर्वी त्यासाठी दोन वर्षांचे एमफिल होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, त्याचे प्रवेश २०२५-२६ पर्यंतच ठेवले, त्यामुळे आता आरसीआयमान्य नवे अभ्यासक्रम पाहावे लागतील. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्या कॉलेजचे नाव, नेमका अभ्यासक्रम आणि मान्यतेचे वर्ष, तिन्ही जुळवून बघा.

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची वाट लोक विसरतात. कुटुंब न्यायालये, अत्याचारग्रस्त महिलांना मदत करणारी वन स्टॉप सेंटर्स, व्यसनमुक्ती केंद्रे, एचआयव्ही तपासणी केंद्रे, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन (१४४१६), या सगळ्यांना समुपदेशक लागतात आणि यांतल्या बऱ्याच ठिकाणी समाजकार्याची पदवी चालते. पदे बहुधा कंत्राटी असतात, हे मात्र घरच्यांना आधीच सांगावे. केंद्रीय विद्यालयांतही समुपदेशक सत्रापुरते घेतात.

दूरस्थ शिक्षणाबद्दलही सावध करायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने आरोग्य व सहायक सेवांच्या कायद्यात येणारे अभ्यासक्रम पत्राद्वारे किंवा ऑनलाइन चालवायला मनाई केली आणि त्यांत मानसशास्त्र आहे. घर सांभाळून घरबसल्या एमए करू, हा अनेक गृहिणींचा बेत त्यामुळे बदलावा लागेल. २०२१ च्या त्याच कायद्याच्या कक्षेत समुपदेशकही येतात. पुढे अनुभवाचा पुरावा मागितला जाऊ शकतो, म्हणून इंटर्नशिपच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर तास, कामाचे स्वरूप आणि सुपरव्हायझरची सही आत्ताच घेऊन ठेवा. पाच वर्षांनी ती कुणी देत नाही.

आता जाहिरातींबद्दल. इंदुरात ‘काउन्सेलर पाहिजे’ असे छापून येते, त्यात कोचिंग आणि परदेशी शिक्षणाच्या एजन्सींची अनेक पदे निव्वळ प्रवेश विकण्याची असतात. महिन्याचे टार्गेट आणि फोन-यादी यांचा उल्लेख दिसला की समजावे. तो अनुभव पुढे समुपदेशनाचा म्हणून धरला जात नाही. करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली बोटांच्या ठशांवरून कल सांगणारी डीएमआयटी चाचणीही शिकू नये. तिला शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे. नववी-दहावीसाठी सीबीएसई व एनसीईआरटीची ‘तमन्ना’ ही अभिक्षमता चाचणी आहे, हात बसवायचा तर तिच्यावर बसवावा.

नोकरी लागल्यावर काय बिघडते, तेही सांगतो. पाचशे मुलांच्या शाळेत प्रत्येकाला वर्षात वीस मिनिटांच्या दोन भेटी द्यायच्या म्हटल्या तर सुमारे ३३३ तास होतात. रोज चार तास धरले तर ८३ दिवस. शाळेच्या साधारण २२० दिवसांत ते बसते आणि खरोखर अडचणीतल्या मुलांसाठी वेळ उरतो. पंधराशे मुलांमागे एकच समुपदेशक असेल तर हेच काम २५० दिवसांवर जाते, म्हणजे वर्षात मावतच नाही. त्यात रजेवरच्या शिक्षकांचे तास, स्नेहसंमेलन, प्रवेशाचे टेबल अशी कामे समुपदेशकाकडे येतात आणि खोलीला दारही नसते. अशा ठिकाणी मूल बोलत नाही, आणि वर्षाअखेर शाळा म्हणते की या पदाचा उपयोग झाला नाही. नेमणूकपत्र घेतानाच आठवड्याचे समुपदेशनाचे तास, बंद दाराची खोली आणि नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील, एवढे लिहून मागावे. गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच भेटीत मुलाला सांगावी लागते. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि आधी ‘कुणाला सांगणार नाही’ म्हटले असेल तर ते मूल पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही.

आपल्या शहरात बाणगंगेचे मानसिक रुग्णालय आहे, स्कूल ऑफ सोशल वर्क आहे, शेकडो शाळा आहेत. एमएच्या विद्यार्थ्यांना सुपरव्हिजनसह काम देणाऱ्या जागा मात्र शोधाव्या लागतात. मराठी संस्थांच्या शाळांनी प्रत्येकी दोन इंटर्न घ्यावेत आणि त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन तास एखादा अनुभवी सुपरव्हायझर मानधनावर बोलवावा. आपल्या करिअर पुरवणीत अशा शाळांची यादी नावानिशी छापावी, अशी विनंती आहे.

आपले,
शाळा व रुग्णालयांत काम करणारे काही समुपदेशक, इंदूर