तांदळाच्या दाण्याएवढे शस्त्र तिसऱ्यांदा मोडले : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : परवान्यावरील पिस्तुलाचा एकच भाग वारंवार मोडूनही त्याची कोठेच नोंद होत नसल्याबाबत.

महोदय,

मी नाशिकचा रहिवासी असून कांद्याच्या व्यापारात आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील लिलावांसाठी एके काळी रोख रक्कम बरोबर घेऊन पहाटे घर सोडावे लागे आणि परतायला रात्र होई. त्या कारणास्तव २०१४ साली मला स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळाला आणि त्यावर मी .३२ बोअरचे, खिशात मावेल असे एक छोटे पिस्तूल विकत घेतले. उत्पादकाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका कारखान्यापुरती राहावी अशी माझी इच्छा नाही. हे पत्र ज्या भागाविषयी आहे त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. चेंबरमधील, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतील, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या खाचेत अडकून ते मागे ओढून काढणारा हा आकडा असतो आणि त्याचे टोक तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठे नसते. माझ्या पिस्तुलात ते टोक २०१८, २०२१ आणि २०२४ असे तीनदा मोडले आहे.

आपणास त्रास देण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे का, असा प्रश्न आपल्या कार्यालयात कोणाला पडू शकतो. पहिल्या दोन वेळा मलाही तसे वाटले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यावर शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. आदल्या रात्री घरी मी नेहमीप्रमाणे आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढले, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) दोनदा पूर्ण मागे ओढली. काहीच बाहेर पडले नाही, म्हणून त्या दिवशी काडतूस चढवलेच नसावे असे मी गृहीत धरले. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदारांनी काडतुसे मोजली, तर माझ्या अर्जात १८ लिहिलेली होती आणि टेबलावर १७ होती. मी घरी एखादे राहिले असेल असे म्हणालो, परंतु निवृत्तीला आलेल्या त्या गृहस्थांनी माझे म्हणणे तसेच सोडून दिले, मला पिस्तुलाची नळी भिंतीकडे धरून स्लाइड मागे अडकवायला लावली आणि मोबाइलच्या टॉर्चने चेंबरमध्ये पाहिले. अठरावे काडतूस तेथेच होते. शस्त्रागाराचा अनुभव असलेल्या कर्मचाऱ्याला बोलावून ते काढेपर्यंत त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलले नाही.

हे का घडते ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण माझी विनंती त्यावरच उभी आहे. .३२ चे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास आणले आणि ते वापरणारी बहुतेक छोटी पिस्तुले अगदी साध्या रचनेची असतात. त्यांत नळी आणि स्लाइड यांना एकमेकींत अडकवणारे कुलूप नसते, फक्त स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग असते. गोळी सुटते तेव्हा वायूचा दाबच रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो. त्यामुळे आकडा मोडलेला असला तरी असे पिस्तूल पुष्कळदा फैरी झाडत राहते, पुंगळ्याही बाहेर फेकते, आणि चालवणाऱ्याला आपले शस्त्र ठणठणीत आहे असे वाटते. न झाडलेले जिवंत काडतूस हाताने बाहेर काढताना मात्र मागून ढकलणारा कोणताच दाब नसतो. तेथे सगळी भिस्त त्या आकड्यावर असते, आणि तो नसेल तर स्लाइड रिकामीच मागेपुढे होते व काडतूस जागेवर राहते. म्हणजे हा बिघाड शस्त्र वापरताना लपून राहतो आणि शस्त्र रिकामे करताना, घरात किंवा पोलीस ठाण्याच्या टेबलावर, माणसाला फसवतो.

माझी चूक असेल तर ती मी आधी मान्य करतो. सुरुवातीच्या काळात मी मॅगझिन न लावता एक काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडत असे. तसे केल्याने आकड्याला काडतुसाच्या कडेवर आपटून, वाकून, पलीकडे उडी मारावी लागते, आणि काही रचनांना ते सोसत नाही. २०१८ चा तुकडा त्यामुळे मोडला असेल हे मला पटते. त्यानंतर मी ती सवय कायमची सोडली, तरीही तीनच वर्षांनी बदललेला नवा आकडा त्याच ठिकाणी मोडला. या दहा वर्षांत मी सगळ्या मिळून दीडशे फैरीदेखील झाडलेल्या नाहीत. माझ्या परवान्यावर वर्षाला ५० काडतुसांचीच मर्यादा आहे आणि सरावाला जाणे वर्षातून एकदाच जमते. रोज सकाळी पिस्तूल भरणे आणि रात्री रिकामे करणे यात आकड्यावर जो ताण येतो तो अर्थातच फैरींच्या हिशेबात धरला जात नाही. जवळ बाळगण्याच्या पिस्तुलाचा खरा वापर तोच असतो, आणि उत्पादकाने चाचणी घेताना तो धरायला हवा.

मोडलेले टोक मी जपून ठेवले होते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे टूलरूममध्ये काम केलेले आमचे एक शेजारी आहेत, त्यांना मी ते दाखवले. (पिस्तूल दाखवले नाही. परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र देऊ नये एवढे मला कळते. तो कणाएवढा तुकडा कायद्याने शस्त्रात मोडतो की काय, हा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवला नव्हता.) त्यांनी भिंगाखाली पाहून दोन गोष्टी सांगितल्या. मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती आणि वाकल्याची कोणतीही खूण नव्हती, म्हणजे पोलाद गरजेपेक्षा जास्त कडक राहिले होते. शिवाय आकडा जेथे दांडीला मिळतो तेथील आतला कोपरा गोलाई न देता काटकोनात कापलेला होता, आणि तडा नेमका तेथूनच सुरू झाला होता. आमच्याकडे कोयत्याला पाणी जास्त झाले की धार पहिल्याच गाठीवर उडते, हे गावचा लोहारही सांगतो. तीन तुकडे एकाच रेषेवर मोडत असतील तर दोष वापरणाऱ्याच्या हातात शोधण्याआधी तो भट्टीत आणि आराखड्यात शोधायला हवा, असे त्यांचे मत पडले आणि मला ते योग्य वाटते.

नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही चांगल्या टूलरूमला हा तुकडा योग्य पोलादातून कापून, योग्य पाणी देऊन, अर्ध्या दिवसात तयार करता येईल. तसे करण्याची परवानगी मी मागत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येनुसार शस्त्राचे सुटे भाग हेही शस्त्रच आहेत, परवान्याशिवाय ते तयार करणे किंवा शस्त्र दुरुस्त करून देणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गावठी कट्ट्यांच्या बातम्या आम्ही नाशिककर नेहमी वाचतो, त्यामुळे हा कायदा कडक असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु कायद्याने दुरुस्तीची इतर सगळी दारे बंद केली की उरलेले एक दार नीट उघडते की नाही हे पाहण्याची जबाबदारी शासनावर येते. ते दार माझ्या अनुभवात असे आहे : शहरातील परवानाधारक शस्त्रविक्रेता पिस्तूल ठेवून घेऊन पावती देतो, ते उत्पादकाकडे जाते, काही महिन्यांनी परत येते, आणि सोबतच्या कागदावर ‘दुरुस्त केले’ एवढेच दोन शब्द असतात. काय मोडले, काय बदलले, नवा भाग जुन्याच उत्पादन गटातला आहे की सुधारलेला, यातले काहीही तिन्ही वेळांपैकी एकदाही लिहून मिळाले नाही. माझा परवाना महाराष्ट्रापुरता असल्याने परराज्यातील कारखान्यात पिस्तूल स्वतः घेऊन जाऊन विचारण्याचा मार्गही मला नाही.

माझ्यासारख्या आणखी किती जणांचा हाच आकडा मोडला आहे, हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि माझ्या मते या पत्रातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे. प्रत्येक परवानाधारकाला आपल्या मंत्रालयाच्या राष्ट्रीय नोंदणीत स्वतंत्र ओळख क्रमांक आहे, त्याच्या परवान्यावर शस्त्राचा क्रमांक आहे आणि घराचा पत्ताही आहे. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी माझ्या पिस्तुलावरचा क्रमांक अक्षरशः भिंग लावून जुळवला गेला. त्या वेळी ते पिस्तूल किती वेळा दुरुस्तीला गेले होते, हे मात्र मला कोणी विचारले नाही आणि अर्जात ते सांगण्याची जागाही नव्हती. शस्त्र कोणाकडे आहे हे देशाला पक्के ठाऊक आहे. ते रिकामे होते की नाही हे त्या हवालदारांच्या मोजणीवर सोडलेले आहे.

मोटारींच्या बाबतीत २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष वाहने परत मागवण्याचे कलम आणले. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवायला लावण्याचा अधिकार दिला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, असा सल्ला मला दोन वकील मित्रांनी दिला आहे आणि कदाचित मी जाईनही, पण त्यातून फार तर मला भरपाई मिळेल. त्याच उत्पादन गटातले पिस्तूल धुळ्यात किंवा सांगलीत ज्याच्या कमरेला आहे त्याला त्याचा पत्ता लागणार नाही. परवानाधारकांची नावे आणि पत्ते उत्पादकाच्या हाती सरसकट देणे सुरक्षित नाही हेही मला मान्य आहे, आणि म्हणूनच हे काम ग्राहक व्यवहार खात्याकडे न ढकलता गृह मंत्रालयानेच करायला हवे. अमेरिकेत तर तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाला बंदुकांवर अधिकारच नाही. तरीही रुगर कंपनीने २००८ मध्ये आपली एलसीपी ही छोटी पिस्तुले खाली पडल्यास गोळी सुटू शकते हे कळल्यावर स्वतःहून परत मागवली होती. आपल्याकडे ज्याच्याजवळ यादी आहे त्याला दोष कळत नाही आणि ज्याला दोष कळतो त्याच्याजवळ यादी नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, २०१६ च्या शस्त्र नियमांत योग्य ती भर घालून, दुरुस्तीसाठी शस्त्र स्वीकारणाऱ्या प्रत्येक परवानाधारक विक्रेत्याला आणि उत्पादकाला मोडलेल्या भागाचे नाव, शस्त्राचा क्रमांक आणि बदललेल्या भागाचा उत्पादन गट लिहून ठेवणे व तो तपशील मंत्रालयाकडे पाठवणे बंधनकारक करावे, आणि त्याची प्रत शस्त्रधारकाला द्यावी. एकाच बनावटीचा एकच भाग ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा मोडल्याचे दिसले की उत्पादकाकडून खुलासा मागवावा, आणि त्या बनावटीच्या सर्व धारकांना त्यांच्या परवाना प्राधिकाऱ्यामार्फत, म्हणजे शहरांत पोलीस आयुक्तांमार्फत आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, सूचना पाठवावी. तोवर एक काम तर कोणत्याही दुरुस्तीशिवाय होण्यासारखे आहे : शस्त्र जमा करून घेताना स्लाइड मागे अडकवून चेंबर उजेडात पाहावे आणि काडतुसे मोजावीत, असे एक परिपत्रक सर्व राज्यांना जावे. आमच्या हवालदारांनी ते स्वतःच्या अनुभवातून केले. पुढच्या ठाण्यात तसा माणूस असेलच असे नाही.

माझे पिस्तूल डिसेंबर २०२४ मध्ये ठाण्यातून परत घेऊन मी त्याच आठवड्यात विक्रेत्याकडे दिले. ते चौथ्या आकड्यासह परत आले आहे, कागदावर पुन्हा ‘दुरुस्त केले’ असेच लिहिलेले आहे, आणि मी ते न भरता कपाटात कुलूपबंद ठेवले आहे. मोडलेला तिसरा तुकडा माझ्याकडे आहे. तो कोणत्या कार्यालयात, कोणत्या अर्जासोबत जमा करावा हे कृपया कळवावे.

आपला,
एक शस्त्र परवानाधारक,
नाशिक