‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माहिती अधिकार कायद्याला 12 ऑक्टोबर 2025 रोजी वीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने माहिती आयोगांकडे तुंबलेल्या अपिलांवर आणि रिक्त जागांवर बरेच लिहून आले. ते लिहायलाच हवे होते. 2023 च्या मध्याला एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अपिले आणि तक्रारी पडून होत्या. पण अर्ज आयोगापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी ज्या एका ओळीवर मारला जातो, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ती ओळ अशी : ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.’

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. अभिलेख कक्षाची जबाबदारीही सांभाळली. त्यामुळे हे उत्तर वाचले की मला चीड येते. सरकारी कागद असा आपोआप नाहीसा होत नाही. तो आला की आवक नोंदवहीत चढतो, टेबलावर गेला की कार्यविवरण नोंदवहीत त्याची ओळ पडते. प्रकरण संपले की अ, ब, क, ड असे वर्गीकरण होऊन, रुमालात बांधून, यादीसह तो अभिलेख कक्षात जातो. ‘अ’ वर्गाचा कायम राहतो, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे. मुदत संपलेला कागद नष्ट करायचा तरी त्याची यादी करून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे कागद जागेवर नसेल, तर तो शेवटचा कोणाच्या हाती होता हे सांगणारा दुसरा कागद असतोच. तो दाखवा एवढेच मागणे आहे.

आमच्या गावच्या रस्त्याचे उदाहरण देतो. खडीकरण आणि डांबरीकरणाचे काम झाले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात खडी वर आली. मी कामाचे अंदाजपत्रक, अदा केलेली देयके आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एम.बी. म्हणतात ती, मागितली. अंदाजपत्रक मिळाले, देयकाची प्रतही मिळाली. एम.बी. मात्र ‘आढळून येत नाही’. आता गंमत म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे सांगतो, त्याच देयकावर एम.बी.चा क्रमांक आणि पान नंबर स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. तो लिहिल्याशिवाय लेखा शाखा बिल पुढे सरकवतच नाही. अभियंत्याने थराची लांबी, रुंदी, जाडी मोजायची, तारीख घालून पुस्तिकेत लिहायची, उपअभियंत्याने तपासून सही करायची, मग बिल. पुस्तिकेची पाने आधीपासून क्रमांक घातलेली असतात आणि कोणती पुस्तिका कोणाला दिली याची वेगळी नोंदवही असते. सगळा रस्ता त्या दोन-तीन पानांत आहे आणि तीच पाने नाहीत! पहिल्या अपिलात त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांनी ‘अर्जदारास वस्तुस्थिती अवगत केलेली आहे’ असे लिहून प्रकरण निकाली काढले.

कायदा काय सांगतो? माहिती नाकारण्याची कारणे कलम 8 मध्ये दिली आहेत, ती दहा आहेत. ‘सापडत नाही’ हे त्यांत नाही, कलम 9 मध्येही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 साली विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच म्हटले. जी माहिती एकेकाळी कार्यालयात होती, ती आता मिळत नाही एवढे म्हणून सुटका नाही. कसून शोध घ्यायचा, तरीही न मिळाल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवायची. शिवाय आपल्या राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहेच. त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. किती कार्यालयप्रमुखांनी आपणहून पोलिसांत फिर्याद दिली, हे वाचकांनी आपल्या तालुक्यात विचारून पाहावे.

आणि शोध घेता येत नाही, हे तर कोणी म्हणूच नये. 2023 मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा याच कार्यालयांनी काय केले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, सगळे रुमाल सुटले. मोडी वाचणारे शोधून आणले. कसर लागलेल्या, पिवळ्या पडलेल्या पानांतून लाखो नोंदी निघाल्या. माझे जुने सहकारी त्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. आजोबा-पणजोबांच्या काळातली नोंद ज्या व्यवस्थेला सापडते, तिला पाच वर्षांपूर्वीची मोजमाप पुस्तिका सापडत नाही, हे मी कसे मान्य करू?

कागद गहाळ होण्यात कोणाचा तरी फायदा असतो. मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या घोटाळ्यात नगरविकास खात्याच्या फाइलमधली टिप्पणीची पानेच गायब असल्याचे 2010 मध्ये उघड झाले, तेव्हा ते राज्याने पाहिले आहे. 21 जून 2012 च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, पाच जणांचे प्राण गेले. तिथे कागद खरोखरच जळाले. पण तालुक्याच्या कार्यालयाला तर आग लागलेली नाही.

उपाय नवा शोधायला नको. पुणे महापालिकेने 2009 पासून दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात कोणाही नागरिकाला अभिलेख पाहायला खुले केले. तोच प्रकार नोव्हेंबर 2018 मध्ये शासन निर्णय काढून राज्यभरातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाला. माणूस समोर बसून फाइल चाळणार असेल, तर ती फाइल आधी जागेवर लागते, पानांवर क्रमांक पडतात. निम्मे अर्ज तिथेच मिटतात, कारण सामान्य माणसाला हवे असते एखादेच पान. आज मात्र कित्येक कार्यालयांत या सोमवारचा फलकसुद्धा नाही, आणि विचारले तर ‘लेखी अर्ज करा’ म्हणतात. लेखी अर्जालाही राज्याच्या नियमाने एकच विषय आणि दीडशे शब्द.

अर्जांच्या आडून पैसे उकळणारे आहेत, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मी नोकरीत असताना असे लोक पाहिले आहेत. पण त्यांचा धंदा चालतो तो कागद दडलेला असतो म्हणून. जी एम.बी. गावातला कोणीही पाहू शकतो, तिच्या जोरावर ठेकेदाराला धमकावणार कोण?

आणखी एक काळजी आहे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर देता येत असे आणि विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. जनहिताचा कलम 8(2) शिल्लक आहे, तो अर्जदारांनी आवर्जून लिहावा. नाहीतर ठेकेदाराचे आणि अभियंत्याचे नाव आहे म्हणून उद्या एम.बी.च वैयक्तिक ठरेल.

सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढावे. ‘आढळून येत नाही’ असे उत्तर देणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याने त्यासोबत संबंधित नोंदवहीच्या पानाची प्रत, अभिलेख ज्याच्या ताब्यात होता त्याचे पदनाम, आणि गहाळ असल्यास पोलिसांकडे दिलेल्या फिर्यादीची प्रत जोडावी. ती नसेल तर उत्तर दिलेच नाही असे धरून कलम 20 प्रमाणे दिवसाला 250 रुपयांचा दंड सुरू व्हावा. आपल्या वार्ताहरांनीही येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता आपापल्या पंचायत समितीत जाऊन अभिलेख पाहायला मागावेत आणि काय झाले ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, जि. सातारा