रॅकमधील सदोष बसवणी आणि नाकारलेली वॉरंटी : तक्रार पत्र

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
विक्री व विक्रीपश्चात सेवा विभाग, नाशिक.

विषय : आमच्या कारखान्यातील 22 यू उंचीच्या रॅकमध्ये (नेटवर्क उपकरणांच्या उभ्या कपाटात) स्विच व यूपीएसची सदोष बसवणी आणि त्यानंतर स्विचची वॉरंटी नाकारल्याबाबत.

संदर्भ : आपले कोटेशन, बिल, आपल्या तंत्रज्ञाच्या सहीचा कामपूर्ती अहवाल आणि वॉरंटी नाकारणारा आपला ईमेल (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

अंबड औद्योगिक वसाहतीत आम्ही दोघे भाऊ यंत्रकामाचा छोटा कारखाना चालवतो. कॅमेरे, हजेरीचे यंत्र आणि कार्यालयातील संगणक यांच्यासाठी आपल्या शाखेकडून आम्ही जमिनीवर उभा राहणारा 22 यू रॅक, 24 पोर्टचा पीओई स्विच (कॅमेरे व संगणक एकमेकांशी जोडणारे आणि केबलमधूनच वीज देणारे यंत्र), पॅच पॅनेल (केबल जोडण्याची पट्टी) आणि रॅकमध्ये बसणारा यूपीएस घेतला. बसवणीचे काम कोटेशनमध्ये स्वतंत्र रक्कम लावून आपल्याकडेच दिले होते व ती रक्कम आगाऊ भरली होती. आता स्विचचे चार पोर्ट बंद पडले असताना 'ग्राहकाने उपकरणात यांत्रिक बदल केले आहेत' असे कारण देऊन आपण वॉरंटी नाकारली आहे. हा बदल कोणी केला आणि का करावा लागला, हे आपल्या कार्यालयाने रॅक उघडूनही पाहिलेले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मूळ दोष यूपीएसच्या बसवणीत आहे. बॅटऱ्यांसह वीस किलोहून अधिक वजनाचे हे यंत्र रॅकच्या अगदी तळाशी, मागून आधार देणाऱ्या पट्ट्यांवर बसायला हवे होते. या आधारपट्ट्यांची जोडी कोटेशनमध्ये आहे, बिलातही आहे, मात्र रॅकमध्ये नाही. आपल्या तंत्रज्ञाने यूपीएस रॅकच्या मध्यभागी केवळ पुढच्या दोन कानांवर (रॅकला स्क्रूने आवळायच्या बाजूच्या पट्ट्यांवर) टांगला. परिणामी त्याचा मागचा भाग खाली झुकला आणि खालच्या स्विचच्या झाकणाला टेकला. आधारपट्ट्या मागवून यूपीएस तळाशी नेण्याऐवजी तंत्रज्ञाने सोपा मार्ग निवडला व स्विच एक भोक खाली सरकवला.

एक भोक सरकवल्याने काय बिघडते, हे आपल्या तंत्रज्ञाला ठाऊक असायला हवे होते. एकोणीस इंची रॅकमध्ये एक यू म्हणजे 44.45 मिमी उंची, आणि प्रत्येक यूमध्ये तीन भोके असतात. परंतु ही भोके समान अंतरावर नसतात. यूच्या आतील दोन अंतरे प्रत्येकी 15.875 मिमी असतात, तर एका यूचे शेवटचे आणि पुढच्या यूचे पहिले भोक यांच्यामधील अंतर 12.7 मिमी असते. स्विचच्या कानावरील दोन भोकांमधील अंतर 31.75 मिमी, म्हणजे यूच्या पहिल्या व तिसऱ्या भोकाशी जुळणारे आहे. स्विच एक भोक खाली आणला की कानाला सापडतात ती वेगळी भोके, आणि त्यांच्यातील अंतर होते 28.575 मिमी. सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. ही मापे मी व्हर्नियरने स्वतः घेतली आहेत. मापावर चालणारा आमचा धंदा असल्याने त्यात मी गफलत करणार नाही.

स्क्रू जुळेना, तेव्हा तंत्रज्ञाने कानाचे वरचे भोक कानशीने लांबट केले. हेच ते 'ग्राहकाने केलेले यांत्रिक बदल'. कानशीच्या खुणा ताज्या आहेत आणि भोकाच्या कडेचा रंग उडून पत्रा उघडा पडला आहे. स्विच बाहेर न काढता हे काम केल्यामुळे लोखंडाचा बारीक कीस झाकणावर आणि हवेच्या जाळीच्या कडेला पडलेला आजही दिसतो. चालू विद्युत उपकरणाच्या जाळीवर लोखंडी कीस पाडणाऱ्या माणसाला आम्ही आमच्या लेथजवळही उभे करणार नाही. कामपूर्ती अहवालावर 'स्विच बसवून, तपासून दिला' असे त्याच्याच अक्षरात लिहिलेले असून खाली त्याची सही आहे. त्यानंतर आमच्यापैकी कोणी रॅकला हत्यार लावलेले नाही. एवढे करूनही दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू केज नटमध्ये (रॅकच्या भोकात अडकवायच्या नटमध्ये) तिरपेच गेले आहेत. शेजारच्या शेडमधील पॉवर प्रेस सुरू झाला की जमीन हादरते, आणि अशा जागी तिरपा स्क्रू किती दिवस टिकेल हे सांगण्यासाठी नेटवर्कचे शिक्षण लागत नाही.

याशिवाय स्विच आता दोन यूंच्या सीमेवर बसला असल्याने त्याच्या वर सुमारे 12.7 आणि खाली सुमारे 31.75 मिमीची फट राहिली आहे. तिथे दुसरे कोणतेही उपकरण बसत नाही आणि झाकणपट्टीही लागत नाही. मागची गरम हवा या फटींमधून पुन्हा पुढे येते. त्यात रॅक भिंतीला इतका चिकटवून ठेवला आहे की मागचा दरवाजा जेमतेम चार बोटे उघडतो. पोर्ट उष्णतेने गेले की किसामुळे, याचा निर्णय तपासणीअंती व्हावा. दोन्ही कारणे आपल्याच बसवणीतून निर्माण झालेली आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

अर्थिंगबाबतही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. हिरवी वायर रॅकच्या पावडर कोटिंगवरच स्क्रूने आवळली आहे. हा लेप वीजरोधक असल्याने, मल्टिमीटर लावून पाहिला असता त्या वायरचा रॅकच्या सांगाड्याशी संपर्कच दाखवत नाही. फाटकावरील कॅमेऱ्यांच्या केबल उघड्यावरून येतात आणि नाशिकला वळवाच्या पावसात विजा किती कडाडतात हे आपणास सांगायला नको. हे काम नुकसानीची वाट न पाहता व्हायला हवे.

आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर 'तुम्ही कारखानदार आहात, तुम्हाला ग्राहक कायदा लागत नाही' असे ऐकवले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील 'ग्राहक' या व्याख्येचे स्पष्टीकरण त्यांनी वाचावे. स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह चालवण्यासाठीच घेतलेल्या वस्तूंचा वापर तिथे व्यापारी हेतूत धरलेला नाही. आम्ही दोघे स्वतः मशीनवर उभे राहून पोट भरतो. सेवेतील त्रुटीबाबत जिल्हा आयोगाकडे दाद मागण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, याचीही आम्हाला कल्पना आहे. तरीही आधी आपल्यालाच लिहिणे योग्य वाटले, कारण वस्तूंबद्दल आमची तक्रार नाही. रॅकचा पत्रा आणि भोकांची आखणी अगदी मापात आहे.

तरी स्विच कानांसह विनामूल्य बदलून द्यावा, बिलात लावलेल्या आधारपट्ट्या आणून यूपीएस तळाशी बसवावा, सर्व उपकरणे यूच्या रेषेत पुन्हा लावावीत आणि अर्थिंगची वायर लेप खरवडून उघड्या धातूवर जोडून त्या जोडणीच्या विद्युत रोधाचे माप लेखी द्यावे. वॉरंटी नाकारणारा ईमेल लेखी मागे घ्यावा. नव्या स्विचच्या कागदपत्रांत 'ग्राहकाने बदल केले' हा शेरा राहिलेला आम्हाला चालणार नाही. आपले उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावे.

तूर्त कॅमेरे टेबलावर ठेवलेल्या एका लहान स्विचवर चालू आहेत. मूळ रॅक होता तसा ठेवून त्याची छायाचित्रे सोबत दिली आहेत. पाहणीसाठी मागचा दरवाजा उघडायचा तर रॅक पुढे ओढावा लागेल आणि त्याआधी यूपीएस उतरवावा लागेल, म्हणून एकट्या माणसाला न पाठवता दोघांना पाठवावे. गुरुवारी आमच्याकडे वीज नसते, तो दिवस वगळावा.

आपला,
कारखान्याचा भागीदार,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक.