इंजिन न खोलता गाडी बरी करणाऱ्या मिस्त्री मामांचे आभार

मामा, नमस्कार.

माझी हिरोची इम्पल्स मोटारसायकल मांजरसुंब्याचा घाट आता न अडखळता चढते. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

2011 साली आलेली ही दीडशे सीसीची गाडी कंपनीने केव्हाच बंद केली. आता ती बघूनच लोक हात वर करतात. एका गॅरेजात तर चालू करून न बघताच "इंजिन उतरवा, बोअर करा" असं सांगितलं होतं, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासून घ्यायची.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "गाडी काय करायली, ते सांग." उभी असताना रेस आपोआप वरखाली, मूठ पिळली की दम कोंडतो, उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट. ऐकून घेतलंत आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक अर्धा ओढलात. तीच गाडी सुधारली! चोकने सुधारते म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय, हे तुम्ही तिथेच समजावलंत. प्लग काढून उन्हात धरलात, तर टोक पांढरं फटक. मिश्रण बरोबर असेल तर ते विटकरी दिसतं, पेट्रोल जास्त झालं तर काजळी धरतं.

मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरावर तुम्ही बारीक धार सोडलीत. आवाज एकदम जागेवर आला. पाणी आटलं, पुन्हा वरखाली. रबराच्या खालच्या अंगाला चीर होती, बोटाने दाबल्यावरच उघडणारी. वरून कुणाला दिसलीच नसती.

ही चीर एअर फिल्टरच्या पुढे, म्हणजे तिथून जाणारी हवा गाळलेली नसते. उन्हाळ्यात बालाघाटाच्या कच्च्या वाटांवर पिठासारखी धूळ उडते. ती महिनोन् महिने सिलिंडरात गेली असती तर बोअर खरोखरच खाल्लं असतं. नवं रबर टाकून माझी गाडी त्यातून वाचवलीत, मामा.

पायलट जेटही, म्हणजे कार्बोरेटरमधलं कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, साफ केलंत. मी तार पुढे केली, तर म्हणालात, "तार नको, भोक मोठं होतं. हवा मार." इंजिन चांगलं तापल्यावरच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावलात.

पैसे घेतलेत ते रबराचे आणि मजुरीचे. बोअरचं बिल केलं असतं तरी मला कळलं नसतं. या प्रामाणिकपणाचे आभार आहेतच, पण शेजारी बसवून प्रत्येक गोष्ट दाखवलीत, त्याचे जास्त. गिऱ्हाईक शिकलं तर धंदा जाईल, अशी भीती तुमच्या बोलण्यात कुठेच नव्हती.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, एकदा बघून घ्यायचं म्हणाला होतात. दिवाळीआधी गाडी घेऊन येतो, इंजिन थंड असताना, सकाळीच.

तुमचा,
बीडचा इम्पल्सवाला