उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना, मनापासून

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला गाजावाजा खपत नाही हे माहीत आहे. पण जुन्या टू-स्ट्रोक गाड्या मातीच्या रेसला उतरवायच्या म्हणून धडपडणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. तुमची कामाची पद्धत त्यांच्यापर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

आमची गाडी कोल्हापूरला तुमच्या दारात आली तेव्हा ती नक्की कुठली, यावरच वाद होता. आरसी बुकात १९८९, साइड पॅनेलवर स्टिकर यामाहा आरएक्स १३५चं, टाकीचा रंग तिसराच. बघणारा प्रत्येक जण छातीठोक सांगायचा, १३५ आहे, बिनधास्त उतरवा. तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी गाडी कोण हाय ते बघू, मग पळवायचं बघू."

मग रॉकेलच्या फडक्याने चेसिस नंबरावरची वर्षानुवर्षांची काजळी पुसलीत, वर कागद धरून आरटीओत घेतात तसा पेन्सिलीचा छाप घेतलात. इंजिन नंबरही तसाच. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरांची खोली, त्यांच्यामधलं अंतर, ओळ सरळ आहे की नाही, सगळं पाहिलंत. परत ठोकलेला नंबर कुठे ना कुठे वाकडा जातो, हे तेव्हा कळलं. दोन्ही नंबर १एल१ने सुरू होत होते, म्हणजे मूळची आरएक्स १००. एस्कॉर्ट्सने १९८५ पासून काढलेली, ९८ सीसीची, ११ हॉर्सपॉवरची.

एवढ्यावर दुसरा कुणीही थांबला असता. पण १००च्या इंजिनवर १३५चा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, चढवलेल्या गाड्याही फिरतात, म्हणून तुम्ही हेड उतरवून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाला, वर्नियर (बारीक मापपट्टी) लावलात आणि तो माझ्या हातात दिलात. ५०.५०. मूळ बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, तीही ५०. १३५ असती तर बोअर ५८ भरला असता. झिजलेला बोअर दर वेळी पाव मिलिमीटर वाढवतात, त्या हिशोबाने गाडी दोन मापं वर गेलेली, एवढाच अर्थ. स्टिकरवर विश्वास ठेवून १३५चा पिस्टन आणि कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) मागवले असते तर पैसे बुडाले असतेच, शिवाय रेसचा फॉर्मही चुकीच्या वर्गात भरला गेला असता.

पुढच्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ऑइल सीलचं, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांचं. गाडी तापली की ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिनची रेस (फिरण्याचा वेग) उतरत नव्हती. आम्ही कार्बोरेटरच्या मागे लागलो होतो. तुम्ही गाडीजवळ बसून नुसतं ऐकलंत आणि मॅग्नेटच्या बाजूला बोट दाखवलंत. तिथलं सील कडक झालं की क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा बंद कप्पा, बाहेरची हवा ओढते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि भर वेगात जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट गिअरचं ऑइल आत खेचलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस स्वतःच पंपाचं काम करते, ती हवाबंद नसेल तर बाकीचं ट्युनिंग फुकट, हे तुम्ही आमच्यासारख्यांना न कंटाळता समजावलंत. अशा वेगात पिस्टन जाम झाला की मागचं चाक अडतं आणि चालवणारा फेकला जातो. चालवणारा माझा धाकटा भाऊ होता, मामा. त्यामुळे या एका कामाचं ऋण माझ्या लेखी वेगळंच आहे.

बाकी कामं झपाट्याने झाली. दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंगं बदलली, रीड व्हॉल्व्हच्या (आत जाणारी हवा परत न फिरू देणाऱ्या झडपेच्या) पात्या उजेडासमोर धरून तपासल्या, सायलेन्सरमधला कार्बन काढला, ऑइल पंप काढून लिटरला ३० मिली ऑइल थेट पेट्रोलमध्ये. दिवे, इंडिकेटर, स्टँड उतरले, बटण टायर चढले, मागचं चेन सॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं झालं. सिलिंडरमधले पोर्ट (हवा-धुराच्या वाटा) घासून मोठे करा म्हणून आम्ही हट्ट धरला होता, त्याला तुम्ही ठाम नकार दिलात. आज वाटतं, तो नकार मिळाला हेच बरं झालं. त्या जुन्या ब्लॉकमध्ये घासायला फारसं काही उरलंच नव्हतं.

आणि ती स्पार्क प्लगची परीक्षा! तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद, जागेवर प्लग बाहेर. पहिल्यांदा पांढरट निघाला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. मेन जेट एक नंबर वाढवलात, पुन्हा तेच केलंत, आणि प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा तांबूस येईपर्यंत आम्हाला जाऊ दिलं नाहीत.

रेसमध्ये भाऊ मधल्या घोळक्यात आला. बक्षीस नाही, पण चिखलात आमच्या आसपासच्या गाड्या एकेक करून बंद पडत असताना आपली शेवटच्या फेरीपर्यंत त्याच आवाजात पळाली. घरी येऊन हेड उघडलं, पिस्टनवर एक ओरखडा नाही.

तुम्ही पैसे फक्त सामानाचे घेतलेत. मजुरीचा विषय काढला की चहा मागवायचात. हे आम्हाला मान्य नाही. खंडेनवमीला तुमच्या लेथची, हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी आम्ही दोघं भाऊ आणि आई येतोय. मजुरीही घेऊन येतोय. त्या दिवशी नाही म्हणायचं नाही, मामा.

आपला,
आरएक्सवाला थोरला