मनू, आधी झोपून घे

मनू बाळा,

काल फोन ठेवल्यावर आई जेवलीच नाही नीट. तुझ्याकडे रात्रीचे दोन वाजलेले, गाईडने चॅप्टर परत केला म्हणून आवाज रडवेला, आणि तू मला समजावत होतीस की इलेक्ट्रॉनलाही बारीकशी जाणीव असू शकते. झोपेबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून विषयावरच लिहितो.

फाउंड्रीत आम्ही सर्रास म्हणतो, शाफ्ट थकलाय. तुटलेला शाफ्ट बघ कधी, एका कडेपासून तडा सरकत आलेला असतो, शिंपल्यावर असतात तशा रेघा, आणि शेवटचा भाग एकदम मोडल्यामुळे खरबरीत. दर फेऱ्याला ताण बसतो, तडा वाढतो, त्यात कुणाला दुखायची गरज नाही. जगदीशचंद्र बोसांनी 1901 मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धातूंचे आलेख दाखवले, चेतवलं की विजेचा प्रतिसाद, सारखं चेतवलं की मंदावतो, विश्रांती दिली की परत येतो, विष दिलं की बंद. फार मोठं काम. पण प्रतिसाद आला म्हणजे आत कुणी अनुभवतंय असं होत नाही, हे चॅप्टरमध्ये स्पष्ट लिही. फिजिक्सवाल्या एडिंग्टनचा मुद्दा मात्र मला पटला, तुझ्याच एडिनबरोत 1927 साली त्याने व्याख्यानं दिली ना, फिजिक्स पदार्थ काय करतो ते सांगतं, तो आतून काय आहे ते सांगत नाही. तिथे तुझ्या म्हणण्याला जागा आहे.

घोडं अडतं ते मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सपाशी. बारा माणसांना एकेक शब्द दिला आणि कितीही खेटून उभं केलं तरी अख्खं वाक्य कुणाच्याच मनात येणार नाही, हे त्याने 1890 मध्येच लिहून ठेवलंय. मग कणाकणातल्या चिमूटभर जाणिवेची एक सबंध मनू कशी झाली? सगळ्यांना पटेल असं उत्तर आजवर कुणीच दिलेलं नाही, मग तुला एका टर्ममध्ये नाही जमलं तर त्यासाठी रात्र रात्र जागायचं कशाला? आलोच बघ झोपेवर. लेक्चर झालं, सॉरी.

तू पडलीस की आजी उंबऱ्याला फटका मारायची, माझ्या मनूला लागलं म्हणून, आणि तू रडणं थांबवून उंबऱ्यावरच फुंकर घालत बसायचीस. आजी आल्यागेल्याला सांगायची. मीही सांगतो अजून, परवा बँकेत पण सांगितलं, माझी पोरगी कशावर अभ्यास करते ते.

लोनचं टेन्शन घेऊ नको, सांगलीचे काका काय बोलतात ते तर अजिबात मनावर घेऊ नको. पण पमीचंही आधी झोपेपासूनच सुरू झालेलं, आणि आम्ही सगळे परीक्षा आहे परीक्षा आहे म्हणत राहिलो. आई हे बोलत नाही, मी लिहितोय.

तिकडे स्टुडंट्ससाठी डॉक्टर असतील ना, या आठवड्यात दाखवून ये. आल्यावर मेसेज टाक, काय म्हणाले ते सगळं लिही, नुसता अंगठा नको.

बाबा