हेडिंग वाचून गोळ्या बंद करणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमचं पान ५ वाचलं आणि चहा तसाच गार झाला. हेडिंग केवढं मोठं, 'प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेताय? सावधान!' तेही लाल अक्षरात. खाली शेवटपर्यंत वाचलं तर अभ्यास जवळजवळ उलटंच सांगतोय. अमेरिकेत कोरोनाने अ‍ॅडमिट झालेले २ लाख २२ हजार पेशंट, त्यातले साडेसोळा हजारांच्या आसपास आधीपासून अशी औषधं घेणारे, आणि एकूणात त्यांच्यात मृत्यू किंवा व्हेंटिलेटरवर जाणं इतरांपेक्षा जास्त दिसलं नाही. त्यातलंच एक औषध, रिटुक्सिमॅब, ते घेणाऱ्यांत मात्र मृत्यू जास्त होते, ते खरंय. पण हे सगळं शेवटच्या परिच्छेदात, तिथे पोचेपर्यंत माणूस राशिभविष्याकडे वळलेला असतो.

एवढी का चिडले ते सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाईंना आमवात आहे, दर रविवारी मेथोट्रेक्सेट (हीसुद्धा प्रतिकारशक्ती दाबणारीच गोळी) आणि सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड हे वर्षानुवर्षं चाललेलं. २०२१च्या फेब्रुवारीत त्यांनी असंच कुठलंतरी हेडिंग वाचलं, कात्रण कापून फ्रिजवर लावलं आणि कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या, स्ट्रिपा देव्हाऱ्याच्या खणात. मार्च संपेपर्यंत हात एवढे सुजले की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. आणि एप्रिलमध्ये व्हायचं ते झालंच, ताप, ऑक्सिजन ८८, बेड वाटणाऱ्या महापालिकेच्या वॉर्ड वॉर रूमला फोनवर फोन करून रात्री दोनला बेड मिळाला.

तिथे त्यांना पहिलं काय दिलं तर डेक्सामेथासोन! म्हणजे स्टेरॉईड, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारंच. जाऊबाईंनी मास्कमधून विचारलं, "मग माझ्या गोळ्यांनी काय घोडं मारलं होतं?" डॉक्टर पोरगेलासा होता, पीपीई किटमध्ये घामाने निथळत होता, तरी नीट सांगितलंन. म्हणाला, काकू, आधी व्हायरस त्रास देतो, पण नंतर शरीराचीच फौज बेफाम होऊन फुफ्फुसं नासवते, तिला आवरायला हे. तुमच्या गोळ्या इथे काही दिवस आम्हीच थांबवू, पण ते आम्ही ठरवायचं, पेपरने नाही. (मी नंतर शोधलं, ब्रिटनमध्ये या स्टेरॉईडची पेशंटवर चाचणी झाली, तिचा निकाल जून २०२०चा, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ऑक्सिजन लागत नाही त्यांना काही फायदा नाही. तरी आमच्या चाळीत लोक साध्या सर्दीला स्टेरॉईड खात होते, तो वेगळाच विषय.)

जाऊबाई घरी आल्या पण उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, ते कोरोनाने नाही, बंद केलेल्या गोळ्यांनी. दुसऱ्याची किडनी बसवलेल्यांना शरीराने ती नाकारू नये म्हणून हीच औषधं असतात, त्यांच्यापैकी कोणी काल तुमचं हेडिंग वाचून असंच केलं तर बोटांवर भागणार नाही, किडनीच जाईल.

आणि कहर म्हणजे त्याच पानावर खाली 'इम्युनिटी वाढवा' म्हणून गुळवेलीच्या काढ्याची जाहिरात! अहो, जिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठलीय तिने ती आणखी वाढवायची? आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटबद्दल लिहिलं होतं, ते तुमच्याकडे कोणी वाचलं नसेल. जाहिरातीचे पैसे मोजण्यात गर्क असाल, समजू शकते.

दुरुस्ती छापणार असाल तर पान ५ वरच छापा, त्याच लाल अक्षरात. शोकसंदेशांच्या शेजारच्या चौकटीत नको, तिथे फक्त माझे सासरे वाचतात.

आणि हो, रविवारच्या शब्दकोड्यात आडवा ७ आणि उभा ४ जुळतच नाहीत. तीन रविवार झाले.

आपली,
एक वाचक, लालबाग